कलाआत्याला शाल दिली त्यानंतरचं

मु. लोणार

ती. संघपालमामांना रेणुकाचा सविनय जयभीम.

मामा, माणसाचं आयुष्यभराचं काम झालं असं कोणत्या दिवशी म्हणायचं? परदेशातल्या एका संस्थेमुळे मला हा प्रश्न पडला आहे, आणि घरातली पहिली बी.ए. असूनही मला उत्तर देता आलेलं नाही. तुमची तब्येत बरी असेल. मामींचे गुडघे कसे आहेत? प्रसेनजितदादाला नोकरी लागली का? (नसेल लागली, तर एवढी ओळ मनातच वाचा.)

ही संस्था जगभरातून एक कलावंत निवडते आणि त्याच्या आयुष्यभराच्या कामगिरीला पुरस्कार देते. नाव कोणीही सुचवू शकतं. मी हे मोबाइलवर वाचलं तेव्हा सरोवराच्या काठावर बसले होते. खाली हिरवं पाणी अगदी निवांत होतं. मला वाटलं, आपल्या गावाला फार लांबून असा एकच पाहुणा आला, तोही दगड, तोही न बोलावता. मग इथलं कोणी तिकडे बोलावून का जाऊ नये? आणि मला आपली कलाआत्या दिसायला लागली. पांढरं लुगडं नेसून ती एका मोठ्या सभागृहात पेटी उघडते आहे, भाषा न कळणारे लोक हळूहळू मान डोलावताहेत, बाहेर बर्फ पडतो आहे. (बर्फात आत्याच्या पायात काय घालायचं, यावरच माझा बराच वेळ गेला. बस चुकली.)

मी नाव पाठवलं. उत्तर आलं की समाजाने या कलावंताचा गौरव केल्याचा फोटो हवा. आता आत्या माझ्या जन्माच्या आधीपासून गायन पार्टी घेऊन गावोगाव बाबासाहेबांची गाणी गाते. लोकांनी तिला चहा दिला, जेवण दिलं, पहाट होईपर्यंत उठू दिलं नाही. शाल मात्र कोणी दिली नाही. म्हणून विहारात सत्कार मीच ठरवला. तुम्ही अध्यक्ष होतात, तेव्हा शाल, पुष्पगुच्छ आणि भाषणं तुम्हाला आठवतच असतील. (सर्वात लांब भाषण तुमचंच होतं.)

चूक माझी झाली ती इथे. आपल्याकडे शाल कोणाला मिळते? मास्तरला, तलाठ्याला, एसटीच्या कंडक्टरला, आणि तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. त्यात तुम्ही भाषणात म्हणालात की बाईंनी समाजासाठी खूप केलं, आता नातवंडांत रमावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर फोटो नीट यावा म्हणून दोनदा वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या अंबूबाई रोज येऊन आत्याला विचारू लागल्या की आता दिवस कसा जातो. आत्याच्या पार्टीतले ढोलकीवाले गोविंदाकाका दुसऱ्या पार्टीत वाजवायला गेले. बाई घरी बसल्या म्हणून नाइलाज झाला, म्हणाले. हिवरा आश्रमाकडच्या एका गावाने आत्याची तारीख मोडली आणि वर तिला पेढे पाठवले. मी मात्र तिच्या पासपोर्टची चौकशी करत हिंडत होते.

मग तुमच्या डोणगावच्या जयंतीचं पत्रक आलं. दरवर्षी आत्याचं नाव असतं त्या जागी यंदा डीजेचं नाव होतं. आत्याने ते वाचलं, घडी घातली आणि शाल आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"काऊन आत्या?" मी विचारलं.

"ठेव तुले. तू मले रिटायर केलं, पोरी," ती म्हणाली. "अन् मले तं आता कुठं जमून राह्यलं होतं."

मी तिला तो पुरस्कार, ते सभागृह, तो बर्फ, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं की तिथे लोक पहाटेपर्यंत बसतात का. मी म्हटलं, नाही, कार्यक्रम दोन तासांचा असतो. "मंग तेवढ्यासाठी काऊन जावं वो?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तेव्हापासून घरात पेटी वाजलेली नाही. तुम्ही म्हणाल, वय झालं. पण मामा, स्वयंपाक करताना ती परातीवर बोटांनी ठेका धरते आणि मी आत गेले की थांबते. ते मला बघवत नाही.

मामींना नमस्कार.

आपली भाची,
रेणुका

ता. क. : संस्थेला कळवून टाकलं की आमच्या कलावंताचं काम सध्या ऐन भरात आहे, तेव्हा नाव मागे घेत आहे. त्यांनी शुभेच्छा दिल्या. (मी थोडी रडले. बर्फाचं वाईट वाटलं.)

ता. क. २ : जयंतीच्या रात्री डीजे नऊला बंद करा आणि उरलेली रात्र आत्याला द्या. गोविंदाकाकांना मी परत आणलं आहे. बाईंनी रमावं वगैरे जे बोललात, ते त्याच माईकवरून मागे घेतलंत तर फारच बरं.

ता. क. ३ : तुम्ही विचार करून कळवाल, तोवर मला धीर निघाला नाही. संघपालमामांनी स्वतः बोलावलंय, असं मी आत्याला सकाळीच सांगितलं आणि पेटीसकट तिला मेहकरवरून डोणगावला जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. हे पत्र तिनेच तुमच्या हातात दिलं आहे. ती समोर उभी असेल. आधी पाणी द्या, आणि म्हणा, या बाई, वाटच पाहून राह्यलो होतो.