खिळ्यावर नसलेलं यंत्र

पुणे,
१८ मे २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. काम चालू आहे. सध्या आइस्क्रीमच्या गोदामातली तापमानयंत्रं तपासून देतेय. तुम्ही बरे आहात हे तुम्ही फोनवर रोज एकाच वाक्यात सांगता. पत्र अशासाठी, की तुमचा फोन हल्ली स्पीकरवर असतो आणि शेजारी कोण बसलंय ते मला कळत नाही.

चौदा एप्रिलला मी घरी आले तेव्हा आपलं ठरलं होतं. तुमचं बीपी पाहता पत्र्याच्या खोलीतला उन्हाळा त्रेसष्टाव्या वर्षी सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "खोली एवढी काय तापत न्हाय." म्हणून मी आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकून तापमान आणि हवेतला ओलावा मोजणारं यंत्र लावलं. दुपारी चाळिसाच्या वर गेलं तर तुम्ही सोलापूर सोडून माझ्याकडे यायचं. नाही गेलं, तर मी हा विषय पुन्हा काढायचा नाही.

महिनाभर आकडे माझ्या मोबाइलवर येतायत. फार चांगले आहेत. बाहेर त्रेचाळीस, तुमच्याकडे बत्तीस.

यंत्र बिघडलं म्हणावं, तर ते मीच तपासून लावलं होतं. तुम्ही ते माठामागे दडवलं असेल असं वाटलं, पण तेवढा ओलावा दिसत नव्हता. मग मी पहाटेचे आकडे पाहिले. पत्रा ऊन उतरलं की निवायला लागतो, पहाटे पार गार पडतो. तुमच्या आलेखात मात्र पहाटही जवळपास दुपारसारखीच. अशी सपाट रेघ जाड दगडी भिंतीची असते. आपल्या गल्लीत दगडी घर एकच, शेजारच्या अक्कम्मांचं.

आई जाऊन दीड वर्ष झालं. एकट्या माणसाला कोण, कशासाठी दिवसरात्र घरात ठेवून घेतं, असा प्रश्न मला पडला. तो चांगला नव्हता, पण पडला.

गुरुवारी सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माझं काम होतं. तुम्हाला कळवलं नव्हतं. दुपारी माझ्याजवळच्या किल्लीनं घर उघडलं. माझ्याजवळच्या यंत्रावर आत चव्वेचाळीस. गॅसच्या शेगडीवर धूळ. खिळ्यावर यंत्र नव्हतं. बुद्धमूर्ती नव्हती, बाबासाहेबांचा फोटो नव्हता. आईचा तेवढा होता.

मग भिंतीपलीकडून, अक्कम्मांच्या उघड्या खिडकीतून तुमचा आवाज आला.

"लई अळणी केलंय की आज."

"डाक्टर मीठ कमी म्हनलाय. जमत नसंल तर जावा पुण्याला, लेक घालंल बचकभर."

"ती व्हय? ती काट्यावर मोजून घालंल!"

दोघं हसलात. आई आजारी पडल्यापासून तुम्हाला इतकं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"त्या डबड्यातनं तिला आपलं बोलनं ऐकू जातंय काय वो?" अक्कम्मांनी विचारलं.

"न्हाय न्हाय. तिला निस्तं गरम-गार कळतं."

मी तिकडे आले नाही. कुलूप लावून स्टँडवर गेले. बसमधून डॉक्टरांना फोन केला. बीपी उतरलंय, वजन थोडं भरलंय, म्हणाले. "घरी कुणीतरी लक्ष घालतंय वाटतं." मी हो म्हटलं.

तर अट. तुम्ही राहता तिथलं तापमान चाळिसाच्या वर गेलेलं नाही. यंत्र तुमच्याबरोबरच होतं, त्यामुळे त्यात मला खोट काढता येत नाही. पुण्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही. रात्रीच्या आकड्यांबद्दलही काही विचारणार नाही.

एक काम मात्र करा. आईचा फोटो उष्णतेनं काचेला चिकटायला लागलाय, कडा पिवळ्या पडल्यात. तो तुम्ही का नेला नाहीत, याचा मला अंदाज आहे. पण तिला एकटीला पत्र्याखाली ठेवू नका. अक्कम्मांना विचारा, त्यांच्या भिंतीवर आणखी एक खिळा चालेल का.

नाही म्हणाल्या, तर मला कळवा. मग मी पुन्हा संशय घ्यायला मोकळी.

निस्तं गरम-गार कळणारी,
तुमची
प्रतिक्षा