तळ्याचं विरजण

४ सप्टेंबर
विसरलीस ना! परवाचं पान कोरंच! वैभवी, मी एडवणहून फोनवर बोलायचं आणि तू बोईसरला बसून वहीत उतरवायचं — एवढंच ठरलं होतं. नातीचं डोकं आहे की चाळण? अक्षर मी शिकले नाही, विसरायला तू शिकलीस. लिही आता. माझं हाय-नाय शाळेतल्या भाषेत करून टाकतेस ते चालेल. वही माझी आहे.

तर. तुझा बाप वाडीतल्या तळ्याजवळ नाक दाबून उभा. पाणी हिरवं, वास सुटलेला, लाल मासे दिसतच नाहीत. "आये, तुझ्यानं नाय होत आता. बुजवू हे. दसऱ्याला टेम्पो आणतो. चल बोईसरला."
टेम्पो! मी काय कपाट आहे?
म्हटलं, रामनाथ, दसऱ्याला तळ दिसला नाही तर स्वतः टेम्पोत चढते. दिसला तर हा विषय बंद. हो म्हणाला.

८ सप्टेंबर
तळ्याचं पाणी गाळायच्या फिल्टरसाठी पिंप आलं. निळं. आधी आत तोंड घालून वास घेतला, कारखान्यातलं काही भरलेलं नको. लोणच्याचं निघालं! तळाशी खडी, वर किनाऱ्यावरचे शिंपले, मग नारळाचा काथ्या, सगळ्यात वर जुनी मच्छरदाणी. पंप तळ्यातलं पाणी खालून चढवतो, वरच्या नळीतून ते परत तळ्यात पडतं.
शेजारची रंभाबाई कुंपणावरून, "काय गो, माशांना लोणचं घालतेस?"

२० सप्टेंबर
पाणी जरा उजळलं. पिंप उघडलं — शी! काथ्यावर तपकिरी, बुळबुळीत थर. जन्मभर भांडी घासलेली बाई मी. सगळं काढून ब्लीचिंग पावडरने धुतलं, उन्हात वाळवलं. लख्ख!

२२ सप्टेंबर
मासे वर येऊन तोंडं उघडतात. एक गेला.

२३ सप्टेंबर
रामनाथला फोन करून घाण धुतल्याचं सांगितलं. "आये, ती घाण नव्हती! जिवंत हाय ते. डोळ्यांना न दिसणारे जीव. माशांची घाण तेच खातात."
मग मी धुतलं ते काय?
"तेच."
पिंपाजवळ बसून राहिले. ना तोंड दिसत, ना हात, आणि अख्खं तळं राखत होते! मी आपली हातात पंप घेऊन मिरवत होते.
पुन्हा फोन लावला. म्हटलं, दुसरीकडचे थोडे आणून घातले तर? विरजणासारखे?
तो म्हणाला, "हो आये. तसंच."

२४ सप्टेंबर
रंभाबाईच्या कमळाच्या टाक्यातले बुळबुळीत दगड मागायला गेले.
"साखर मागतात, मीठ मागतात. बुळबुळ मागणारी तूच!"
बादलीभर दिले. पिंपात घातले. तळ्यातलं थोडं पाणी बदललं. माशांना उपास.

१ ऑक्टोबर
पिंपाला हात लावला नाही. काही न करणं किती कठीण गं!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी
सकाळी तळ्यावर गेले. तळ! खडा न् खडा! माशाची सावली तळावरून चालते. माशाला सावली असते, हे मला या वयात कळलं. त्याच्या शेपटीतून ऊन आरपार जातं. डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. तसंच.
पिंपाला हात जोडले.
"लोणच्याच्या पिंपाला?" रंभाबाई.
म्हटलं, तूही जोड, विरजण तुझं आहे. जोडले तिने.

दसरा
टेम्पो आला. रिकामा गेला. तुझा बाप चप्पल काढून काठावर बसलाय, दुपारपासून. मघाशी म्हणाला, "आये, मीच इथं येऊन राहू? कामावर जाईन स्कूटरनं." ऐकलंच नाही असं दाखवलं, पुन्हा म्हणावं म्हणून. पुन्हा म्हणाला.
टेम्पो उद्या परत येईल, तुझ्या बापाची खाट घेऊन. तुमच्या खाटांचं तुझी आई ठरवेल. तिला सांग, त्याच टेम्पोत वालाचं बिरडं पाठव, दोघांपुरतं. मासळी नको. काठावर बसून जेवायचं म्हणजे तळ्यातले मासे बघतात.