मागच्या चाकांची रुंदी

नाना, त्या दोन रुंद टायरांची खरी किंमत मी परवा शांतपणे मांडली. साहेबांनी ते टायर रिमसकट जहाजातून आणले होते, त्यामुळे ते आपल्याला फुकटच होते. पण बसवायला गेला माझा अख्खा दिवस, दोन्ही मागच्या मडगार्डांच्या कडा, तीन माथाडींची जेवणाची सुट्टी आणि एक खरी गोष्ट, जी मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवी होती. पहिल्या तिन्हींचं कुणाला काही वाटलं नाही. चौथी अजून माझ्याकडेच आहे.

परवा द्रोणागिरीच्या माझ्या शेडवर एकजण जुनी दोन दारांची गाडी घेऊन आला. मागं रुंद चाकं हवीत म्हणाला. मी बसवली, आणि मागच्या सीटवर शेडमधली दोन जाडजूड माणसं बसवून गाडी फिरवून आणली. तो हसायला लागला. मग मी त्याला आपल्या तुर्भ्याच्या शेडवरची ती गोष्ट सांगितली. नेहमी सांगतो तशीच. आज खारघरपासून उलव्यापर्यंत लोक म्हणतात, ह्या माणसाला गाडी दाखवायची नाही, ऐकवायची. मीही भाव खातो, खोटं कशाला बोलू? बेअरिंग जायच्या आधी महिनाभर मला कळतं, हे खरंच आहे. पण ही ओळख मला खरी कशी मिळाली, ते गिऱ्हाइकांना ठाऊक नाही.

आपली कामाची रीत लोकांना विचित्र वाटायची. चाळीस वर्षं पत्रा ठोकून तुमचे कान गेलेले. इंजिन चालू असताना तुम्हाला हाक मारण्यात अर्थच नसायचा. म्हणून ट्रायलवरून आलो की मी काही बोलायचो नाही. जिथून आवाज आला तिथं जाऊन नुसता वाकायचो, आणि तुम्ही खडू घेऊन माझ्या मागं हजर. ऐकायचं मी, शोधायचं तुम्ही. अशी सहा वर्षं गेली. कधी चुकलं नाही.

साहेब जहाजावर इंजिनिअर, राहायला नेरूळला. त्यांची ती बसकी परदेशी स्पोर्ट्स कार वयानं माझ्याएवढी असेल. तुम्ही टायर बघून म्हणालात, "रुंद हाईत. कडंला लागतील." मी म्हणालो, "नाना, माझ्यावर सोडा." गाडी जॅकवर घेतली, चाकं चढवली, टायर आणि मडगार्डाच्या मध्ये दोन बोटं घालून बघितली. आरामात गेली. झालं, म्हटलं. साहेब खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना आणि सामानाला घेऊन महाबळेश्वरला निघायचं होतं त्यांना.

दुपारची ट्रायल. साहेब चालवतायत, मी शेजारी. हायवेला लागून सानपाड्यापर्यंत गेलो आणि परत आलो. साहेब सारखे म्हणतायत, "क्या बात है, एकदम चिकटून चालते रे." शेडसमोर उतरलो, आणि मी उजव्या मागच्या चाकाशी वाकलो.

तुम्ही खडू घेऊन आलात. मडगार्डाच्या आतल्या दुमडलेल्या कडेला जाड खडू फासलात आणि साहेबांना एक चक्कर मारायला लावलीत. खडू जसाच्या तसा. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या ना नाना, काही नाहीये." तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "सायबाला भितोस व्हय? आरं, तू वाकलास म्हंजे हाय कायतरी. खडू पुसला न्हाय, म्हंजे वजन कमी पडलं."

आणि तुम्ही सरळ रस्ता ओलांडून मार्केटच्या गेटावर गेलात. तुमच्या साताऱ्याकडचे तिघे माथाडी भाकरी सोडायच्या बेतात होते, त्यांना घेऊन आलात. दोघांना त्या नावापुरत्या मागच्या सीटवर कोंबलं, तिसऱ्याला डिकीवर टेकवलं. साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. "अहो, ही गाडी आहे, टेम्पो नाही."

"उद्या वैनी आन सामान बसनार न्हवं? मग आजच बसवून बघू."

डिकीवरचा म्हणाला, "नाना, रोज पोती उचलतो. आज आमचंच पोतं केलं की."

"पोतं बोलत न्हाय. गप बस."

गाडी गेटाच्या उंचवट्यावरून हळूच पुढं घेतली. खाली वाकून बघतो तर टायरच्या खांद्यावर पांढरी चंद्रकोर. कडेवरून बोट फिरवलं, तर पात्यासारखी धार. घाटातल्या वळणावर, भरल्या गाडीनं, ती कड टायर सोलत गेली असती. साहेबांनीही वाकून कडेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं हे?"

तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "ह्याच्या. माझे कान गेले पत्रा ठोकून. आता ह्याच्या कानावर चाललंय सगळं."

मी जॅक आणायला वळलो. संध्याकाळपर्यंत तुम्ही रंग गरम करून करून लाकडी हातोड्यानं दोन्ही कडा आत दाबल्यात, रंगाला एक तडा जाऊ दिला नाहीत. साहेब गेल्यावर मला एवढंच म्हणालात, "बोटं जॅकवर घालून मोजलीस न्हवं? जॅकवरची गाडी म्हंजे पोरगी बघायला आलेला नवरदेव. तवा समदेच गुनाचे असत्यात." बोलणी बसली ती तेवढीच. साहेबांनी मात्र जहाजावरच्या चार मित्रांना सांगितलं, त्यांनी आणखी चौघांना. पुढं माझ्या नावाचं शेड झालं ते त्या गिऱ्हाइकांवर. तुम्ही नारळ फोडायला आलात आणि तिथंही सगळ्यांना तीच गोष्ट सांगितलीत. मला वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. मग तुम्ही गावी गेलात, आणि त्या पावसाळ्यानंतर तुमच्या मुलाचा फोन आला.

माझ्यावर इतका विश्वास पुन्हा कुणी टाकला नाही, नाना. खडू 'नाही' म्हणत होता, मी स्वतः 'नाही' म्हणत होतो, तरी तुम्ही माझ्या कानांवरून हटला नाहीत. त्यानं दोन माणसं वाचली आणि मी उभा राहिलो. हे पत्र कुठं पाठवणार? वहीतच राहील. गावी तुमच्या मुलाला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण तोही तीच गोष्ट अभिमानानं सांगतो.

ट्रायलला मागं वजनच नव्हतं. टायर कुठंही घासला नव्हता, ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. मी वाकलो होतो तो त्या नव्या चकचकीत रिममध्ये बघून भांग नीट करायला.