अस्मिताचं शून्य आणि यांची अळंबी

बेलवली, बदलापूर (प.)

आदरणीय शीलाताई,

सविनय जयभीम. तुझा गुडघा आणि भाऊजींची शुगर दोन्ही ताब्यात असतील अशी आशा. तुझ्या पुष्करचा बुद्ध्यांक १२८ आल्याचं तू फोनवर चार वेळा सांगितलंस. चारही वेळा आनंद झाला.

आमच्याकडे सध्या विज्ञान माजलंय. हे (अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, तुला ठाऊक आहे, यांना मात्र विसर पडलाय) एका मोफत शिबिराला काय गेले, अळंबीचे शास्त्रज्ञ होऊन आले. बारवीच्या जंगलात यांना एक पिवळट अळंबी सापडली. मोबाइलवर तिचं नाव निघेना, म्हणून ती जगाला अज्ञात ठरवून यांनी तिला स्वतःचंच नाव देऊन टाकलं. पट्टीने मोजली, वहीत चितारली आणि गुणधर्म तपासायचे म्हणून तव्यावर परतून खाल्ली. पुढचे दोन दिवस शास्त्रज्ञ संडासात मुक्कामाला. (दार ठोठावलं की आतून नुसतं कण्हणं.) आमच्याकडे रानभाजी घेऊन येणाऱ्या बनूबाईने उरलेला तुकडा पाहिला आणि म्हणाली, "याला तर आमची शेली पन तोंड नाय लावत." संपलं संशोधन.

पुढच्याच रविवारी अस्मिताची बुद्धिमत्ता चाचणी. केंद्र म्हणजे जिमच्या वर एक खोली, एसी आणि टाय लावलेले एक सर. प्रश्न होता, जंगलात अनोळखी वस्तू दिसली तर काय कराल? माझ्या आठ वर्षांच्या पोरीने लिहिलं, बनूबाईला विचारीन. शून्य! बरोबर उत्तर म्हणे, मोजमाप घ्यावं आणि चित्र काढावं. म्हणजे यांना पैकीच्या पैकी! अस्मिताचा बुद्ध्यांक निघाला ८८. असले दीडशहाणे आता पोरांची अक्कल मोजणार, आणि आपण फ्रेम करून ती भिंतीवर लावायची. (तुला उद्देशून नाही.) भाऊजींना जयभीम सांग.

तुझी,
प्रतिभा

ता. क. चाचणीला हे नकोच म्हणत होते. तुझा चौथा फोन ठेवला आणि मीच फॉर्म भरला. निकाल बघून "पुष्करकडून शीक जरा" असंही मीच बोलले. तेव्हापासून अस्मिता माझ्याशी बोलत नाही. शाळेचा डबासुद्धा स्वतः भरते. मला सहन होत नाही गं. तुझं ती ऐकते. रविवारी ये आणि मी दहावीला गणितात दोनदा आपटले होते हे तिला सांग. माझ्या तोंडून निघत नाही.

आणखी एक. हे घरात असताना सांगू नकोस. यांना मी फर्स्ट क्लास सांगितलाय.