व्हिएतनामची विजूताई

आर. के. पुरम, दिल्ली

तीर्थस्वरूप विजूताईस,

धाकट्या इंदूचा वाकून नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तेवढा). तुझे गुडघे कसे आहेत? दिल्लीला यायचं म्हटलं की ते दुखतात आणि लग्नाच्या पंगतीला जाताना बरे असतात, असं तुझ्या केतनने कळवलं, म्हणून विचारते.

पत्रास कारण, तू सध्या म्हैस घेऊन व्हिएतनाममध्ये फिरते आहेस. झालं असं, की आमच्या सूनबाईंनी, सुरुचीने, अवनीसाठी पुस्तक मेळ्यातून गोष्टींचा गठ्ठा आणला. जपानच्या, कोरियाच्या, व्हिएतनामच्या. बर्फातले राजवाडे पुरे झाले, आपल्या आशियातलंही पोरीला कळू दे, हा तिचा विचार. विचार उत्तम, पण पुस्तकं इंग्रजीत, "आई, तुम्ही बिल्कुल मराठीतच सांगा हं" असा हुकूम, आणि माझा चष्मा करोल बागेत दुरुस्तीला (त्यावर मीच बसले होते, हे घरात कोणाला ठाऊक नाही). तेव्हा मी चित्रांवर भागवलं. एका चित्रात सुपाएवढी टोपी घातलेली म्हातारी होडीत बसलेली, शेजारी म्हैस. चेहरा बघते तर हुबेहूब तू, रुसलेली. मग काय, म्हातारीची विजूआजी केली. ती सांगलीहून निघाली धाकट्या बहिणीकडे. म्हैस सोबत, कारण परक्या घरचं दूध तिला चालत नाही. पोचल्यावर कुशल विचारणं नाही, पहिला प्रश्न, "खायला काय केलंयस?" अवनी हसून हसून लोळली. ऊठसूट "यार आजी" म्हणणारी आपली नात आता दावं, वैरण, खरवस असले शब्द बोलते.

रविवारी सुरुचीने तेच पुस्तक छापलंय तसं वाचून दाखवलं आणि घात झाला. अवनीने पुस्तक मिटलं. "मम्मा, तू गलत वाचतेस! इसमें खरवस कहाँ है?" मंत्रालयात दिवसभर फायली वाचणारी बाई ती, तिने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. आमचा गौरव बायकोची बाजू घ्यावी की आईची, या पेचात अंघोळीला गेला. शेवटी अवनीनेच निकाल दिला: विजूआजीलाच बुलाओ, तीच सच सांगेल. तोवर गोष्ट बंद. पुस्तक तिच्या उशीखाली आहे, आणि संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसत नाही. मला अजिबात करमत नाही गं. दिवसभरात तेवढाच वेळ माझा असायचा.

तर ये, आणि सगळं खरं होतं म्हणून सांग. म्हशीसकट.

तुझी,
इंदू

ता. क. तिकीट गौरवने काढून टाकलं आहे. गुडघ्यांना तसं कळव.

आणखी एक ता. क. चष्मा आला. आज अवनी शाळेत गेल्यावर पुस्तक हळूच काढून वाचलं. म्हैस शेजाऱ्याची निघाली, सांगलीचा पत्ता नाही. पण होडीतली म्हातारी आणि ती जिच्याकडे निघालीय ती, त्या दोघी खरंच बहिणी आहेत, फार वर्षांनी भेटणाऱ्या. आणि शेवटच्या पानावर थोरली होडीतून उतरता उतरता विचारते, "खायला काय केलंयस?"

काय करून ठेवू, ते कळव.