टायरला आलेला फुगा

धाकट्या,

तू दुकानात आहेस तोवर मी हॉस्पिटलात निघालेय. सांगितलं असतं तर शटर पाडून मागे आला असतास आणि तिथं मलाच तुझे डोळे पुसावे लागले असते.

आईला झटका आला तो डोक्यातली फुगलेली शीर फुटून. तसाच फुगा माझ्याही डोक्यात निघालाय. फुटायच्या आत आज तो बंद करणार आहेत.

टायरला फुगा दिसला की तू गिऱ्हाइकाला सायकल नेऊ देत नाहीस. हे घराण्यात उतरतं, तरी स्वतःच्या डोक्याची तपासणी मात्र आई गेल्यापासून टाळतोयस. उद्या सकाळची वेळ तुझ्या नावानं घेतलीय. मुकाट्यानं जा.

जेवण झाकून ठेवलंय. माझ्या सायकलचं मागचं टायर बदलून ठेव. मी नाहीच आले, तर तू चालव, पण विकू नकोस रे.

ताई