तिसऱ्या हाकेपर्यंत

१२ फेब्रुवारी १९९१

परत आली. हाक.

सायकलच्या दुकानात ट्यूबला ठिगळ लावत होतो आणि मागून, अगदी कानाशी — "कमळाकर." वळून पाहिलं तर भिंत. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मालक म्हणाला, काय बघतोस? म्हटलं, मान अवघडली.

सुरतेला अशीच सुरू झाली होती, म्हणून गोव्याला गेलो. गोव्यात आली, तेव्हा ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. दिवाळीनंतर इथे पनवेलला वेणूताईकडे आलो. वाटलं होतं, बहिणीच्या घरात नाही सापडणार तिला.

१५ फेब्रुवारी

ओल्या पावलांचे ठसे. मोरीपासून दारापर्यंत. पापणी लवली — कोरडी फरशी.

१९ फेब्रुवारी

आता पिंपाची भीती! पाण्याचं साधं पिंप, वर झाकण. झाकणाखाली कुणीतरी श्वास घेतंय. माहीत आहे पाणीच आहे, सकाळी मीच भरलं. तरी तहान लागली की बाहेरच्या नळावर जातो.

परवा दुकानाला सुट्टी, म्हणून मोरा बंदरावर गेलो होतो, लाँचमध्ये पोती चढवायला. धक्क्यावर एक म्हातारा जाळं शिवत होता, पायाच्या अंगठ्यात अडकवून. इतका सफाईदार हात! ते बघत बसलो आणि लाँच निघून गेली, पोती तशीच. मुकादमाने आईबहीण काढली. हे कुठे भरकटलो? पिंप.

तर ताईने आज विचारलंच, बाहेर का पाणी पितोस. सगळं सांगून टाकलं. हसली नाही. रात्री जेवायला बसलो तर घरातल्या एकाही भांड्यावर झाकण नाही! आमटीत माशी पडली. काशिराम भावोजींनी माशी बोटाने काढली आणि जेवले. एक शब्द नाही. एरवी आमटीत मीठ कमी पडलं तर तळोज्यापर्यंत ऐकू जाईल एवढं बोलतात.

२१ फेब्रुवारी

ताईने सासूला सांगितलं असणार. सोनाबाईंनी ओसरीवर जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "पयल्या हाकंला ओ द्याची नाय. दुसरीला पन नाय. ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक मानसाची." मिठागरावर भर दुपारी एकट्या राबायच्या, तेव्हापासून पाळतात. ओ दिली की माणूस मागे मागे चालत जातो म्हणे, खाडीपर्यंत. मग मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. घरभर ठसका. तीन वर्षांची अंकिता, ताईची मुलगी, खोकता खोकता हसत होती.

पण खरं सांगू? बरं वाटलं. हातात काहीतरी आलं.

२ मार्च

नियम चालतोय. हाक येते, मी गप्प. दुसरी येते, गप्प. मग तीच थकते. मालक मात्र वैतागलाय. म्हणाला, तुला काय आमंत्रण पाठवायचं का दरवेळी? त्याला तीनदा बोलवावं लागतं.

७ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दुपारी अंगणात भावोजींच्या सायकलची चेन बसवत होतो. आतून ताईचा आवाज — "कमळ्या!" मी गप्प. "कमळ्या, अरे —" गप्प. हात चेनवर, कान तिसरीकडे.

तिसरी आलीच नाही. धप्प झालं.

सुक्या मासळीचा डबा काढायला माळ्याच्या शिडीवर चढली होती. शिडी सरकायला लागली तेव्हा हाक मारली होती मला. मी दहा पावलांवर. धावलो असतो तर धरली असती.

मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? ताई म्हणाली, पाय घसरला. तिचं ते खोटं मला सहन होईना. रांगेतल्या सगळ्यांसमोर बोललो — तिने मला बोलावलं होतं. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत होतो. डॉक्टरांनी हात थांबवला. कसली तिसरी, म्हणाले. मग सगळंच सांगितलं, पिंपासकट. रांगेतलं कुणीतरी हसलं. डॉक्टर नाही हसले. म्हणाले, शनिवारी मुंबईहून मनाच्या डॉक्टरबाई येतात, त्यांना भेट.

भावोजी कंपनीतून तसेच आले, अंगाला केमिकलचा वास. माझ्याकडे बघितलंही नाही.

८ मार्च

सकाळी पिशवी भरली. ताई झोपली होती. एस.टी. स्टँडवर येऊन उभा राहिलो. अलिबाग, महाड, काहीही. जी येईल ती.

"कमळाकर."

मान ताठ. वळलो नाही. आणि मग सलग, एका दमात — "कमळाकर कमळाकर! तीन झाल्या. आता वळ."

भावोजी! सायकल हातात, चेन उतरलेली. मी अर्धवट सोडली होती ना! लुंगीवरच आले होते. फलाटावरचे लोक बघायला लागले.

म्हणाले, "खय चाललास?"

म्हटलं, माझ्यामुळे ताईचा हात गेला. मी इथे नको.

"हात हाय जाग्यावर, मोडलाय फक्त. आनि तू गेलास तर भांडी कोन घासल? मी?" मग सायकलच्या घंटीशी खेळत हळूच म्हणाले, "तू गाडी बदललीस तरी ती पन तिकीट काढते ना? मग र्‍हा ना इथं. उद्या शनिवार. मी रजा टाकलीय."

पिशवी त्यांनी कॅरियरला लावली. दोघं चालत आलो. वाटेत चेन बसवली.

९ मार्च

डॉक्टरबाई साध्याच. ताईच्या वयाच्या. मला वाटलं होतं डोक्याला तारा लावतील. त्यांनी चहा मागवला.

झोप किती, गांजा ओढतोस का (ट्रकवर ओढायचो — सांगितलं, भावोजी छताकडे बघत होते), आवाज काही कर म्हणून सांगतो का. म्हटलं नाही, नुसतं नाव. म्हणाल्या, नुसती आपल्या नावाची हाक पुष्कळांना येते, ते सांगत नाहीत एवढंच. गोळी दिली. गांजा बंद म्हणाल्या.

मग विचारलं, ओ दिलीस तर काय होईल?

म्हटलं, ओढून नेते. खाडीपर्यंत.

कधी दिलीस?

नाही.

"मग एकदा देऊन बघ. घाई नाही. घरात कुणी असताना."

२० मार्च

गोळीने तोंड कोरडं पडतं, सकाळी उठवत नाही. आता घरात सगळे मला तीनदा हाक मारतात. अंकिता तर गाणंच म्हणते — मामामामामामा. सोनाबाई ओवाळणं सोडत नाहीत, पण आधी विचारतात, "गोली खाल्लीस?" ताई पडली त्या दिवसापासून त्या माझ्याशी नियमाचं अक्षरही बोलल्या नाहीत. परवा बघितलं, ताईच्या प्लास्टरबाहेरच्या बोटांना तेल लावताना डोळे पुसत होत्या. शिडीचे पाय त्यांनीच सुतळीने बांधून घेतलेत.

५ एप्रिल

पिंपातलं पाणी प्यायलो. माशांमुळे झाकणं परत आलीत, पिंपाचं ताईने काढलं. पण मी प्यायलो.

१८ एप्रिल

ताईचं प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय. पहिलं काम काय केलं — माझ्या टाळक्यात मारली.

२३ एप्रिल

दुपार. अंगणात. ताई आत तांदूळ निवडत होती. "कमळाकर." एकदाच, कानाशी.

"ओ!" म्हटलं. मोठ्याने.

ताईने आतून विचारलं, कुणाला रे? म्हटलं, कुणी नाही.

बसून राहिलो. खाडी तिकडे, मी इकडे. काही झालं नाही.

रात्री जेवताना सगळ्यांना सांगणार आहे — मला एकदाच हाक मारत जा.